फाटकापर्यंत गेलास, आता आत जा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एए समूहाच्या सभेच्या ठिकाणी पोहोचून, समोरच्या रसवंतीगृहात अर्धा तास बसून, आत न जाताच तू परतलास आणि त्याला तू पराभव म्हटले आहेस. मला ते मान्य नाही. ज्या वेळी तू एरवी पीत बसला असतास, त्या वेळी तू हिंजवडीहून पेठेपर्यंत न पिता आलास. मी स्वतः तिसऱ्या खेपेस आत गेलो होतो.

मात्र सभेच्याही आधीची एक गोष्ट आहे. पिणे थांबवल्यावर हात थरथरत असतील, दरदरून घाम फुटत असेल, तर प्रथम डॉक्टरांना भेट, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊ शकते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. ससूनसारख्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा येरवड्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात जाण्यात काहीही कमीपणा नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेल्या त्या केंद्राने पुण्यातल्या कितीतरी घरांना सावरले आहे. नेमके कुठे जावे हे कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर विचार. परंतु उपचार पूर्ण करून माणूस परततो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये, आणि तिथे त्याला समूहाची गरज लागते.

तू विचारतोस की, आत बसलेली अनोळखी माणसे तुझ्यासाठी काय करणार. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो, ते १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाले. दारू सोडून काही महिने झालेला एक शेअर व्यावसायिक तिथे कामासाठी गेला होता. काम फसले, हॉटेलातला बार समोर दिसत होता, आणि पिण्याची इच्छा अनावर होऊ लागली. तेव्हा त्याने दूरध्वनी करून करून शेवटी बोलायला दुसरा एक दारुडा शोधून काढला, जो पेशाने शल्यचिकित्सक होता. त्याला त्या डॉक्टरवर उपकार करायचे नव्हते, त्या संध्याकाळपुरते स्वतःला वाचवायचे होते. हे नीट समजून घे, कारण तुझ्या मनातली सगळी लाज इथेच गळून पडायला हवी. त्या खोलीत तू याचक म्हणून जात नाहीस. नवा माणूस आत आला की वीस वर्षे न प्यायलेल्यालाही आपला पहिला दिवस पुन्हा दिसतो, आणि तो त्याला हवाच असतो.

तू अभियंता आहेस, पुरावा मागशील. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दारूपासून पूर्णपणे दूर राहण्यात एए आणि त्याच्याशी जोडून देणारे उपचार हे इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा अधिक परिणामकारक ठरले.

आत घडते ते साधे असते. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगावे लागत नाही. शेवटी थैली फिरते, तिच्यात नवख्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. एकेक जण उठून आपले शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचे अनुभव सांगतो, मध्ये कोणी बोलत नाही आणि कोणी सल्लाही देत नाही. तुझी पाळी आली तर नुसते नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हणालास तरी पुरे. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, त्याने तू बिचकशील. तो ज्याला जसा उमगेल तसा, असे तिथेच म्हटले आहे, आणि देव न मानणारे माझे कितीतरी सोबती वर्षानुवर्षे सोबर आहेत.

समूह निवडताना अंतर पाहू नकोस, वेळ पाहा. तुझा पहिला पेला रात्री आठला भरला जात असे, म्हणून आठ वाजताची सभा निवड, भले ती घरापासून लांब असो. एखाद्या समूहात मन रमले नाही तर दुसरा शोध, पण किमान सहा सभा झाल्याशिवाय मत बनवू नकोस, कारण पहिल्या दोन सभांमध्ये इतरांपेक्षा आपण किती बरे आहोत एवढेच आपण मोजत असतो. ज्याचे बोलणे ऐकताना आपलीच हकिगत ऐकतो आहोत असे वाटेल, त्याचा क्रमांक घेऊन ठेव. विसर्जनाच्या रात्री मंडळातली मुले बाटली पुढे करतील, तेव्हा फोन पेल्याच्या आधी करायचा असतो, नंतर नव्हे.

आईंनाही सांग. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तुझ्या पिण्याचा हिशेब ठेवता ठेवता त्या किती थकल्या आहेत, हे त्या तुला सांगणार नाहीत, पण तिथे बोलतील.

येत्या मंगळवारी सभेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोच. त्या वेळी दोन-तीन जण खुर्च्या मांडत असतात. काही न बोलता त्यांना हातभार लाव.

तुझा,
काका