नवशिक्यांसाठीच्या पुस्तकावरून वेब ॲप्लिकेशन लिहायला शिकता येते का? पुस्तकातील उदाहरणे चालतात, पण स्वतःचे काही लिहिता येत नाही.

शिकता येते, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. तुम्ही लिहिले आहे की पायथनची जुजबी ओळख आहे, फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवरचे (ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्यावरचे) एक प्राथमिक पुस्तक हाताशी आहे, त्यातील प्रत्येक उदाहरण तुमच्या संगणकावर नीट चालते, मात्र पुस्तक मिटून गावच्या वाचनालयासाठी पुस्तकनोंदणीचे छोटे ॲप्लिकेशन करायला बसलात की पहिली ओळच सुचत नाही. कामाच्या ठिकाणी नव्याने येणाऱ्यांमध्ये ही अडचण मी सतत पाहतो आणि तिचे कारण मला बुद्धीत नव्हे, तर अशा पुस्तकांच्या घडणीत दिसते. वाचकाचा उत्साह टिकावा म्हणून ती पाच-सहा ओळींत ब्राउझरमध्ये 'नमस्कार' दाखवून मोकळी होतात. मधल्या मध्ये काय घडले ते फ्रेमवर्क झाकून ठेवते आणि पुस्तकही त्यावरून पुढे सरकते.

तो झाकलेला भाग उघडा करणे, हेच तुमचे खरे काम आहे. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क हा टॅब उघडा आणि पुस्तकातील प्रत्येक उदाहरण तो टॅब समोर ठेवूनच चालवा. ब्राउझरने सर्व्हरला, म्हणजे पाने पुरवणाऱ्या प्रोग्रॅमला, रिक्वेस्ट (मागणी) पाठवली, तिच्यात एक मेथड (पान मागायचे असेल तर गेट, माहिती पाठवायची असेल तर पोस्ट) आणि एक पत्ता होता. सर्व्हरने रिस्पॉन्स दिला, त्यात एक स्टेटस क्रमांक होता, काही हेडर (उत्तराविषयीची माहिती) होते आणि शेवटी पानाचा मजकूर होता, एवढेच तुम्हाला तिथे दिसेल. वेब ॲप्लिकेशन म्हणजे या देवाणघेवाणीतील सर्व्हरची बाजू. उत्तर दिल्यावर सर्व्हर तुम्हाला विसरतो, कारण एचटीटीपीची, म्हणजे या देवाणघेवाणीच्या नियमांची, रचनाच तशी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत कुकीची कल्पना पुढे आली: सर्व्हरने दिलेली छोटी नोंद ब्राउझर जपतो आणि पुढच्या रिक्वेस्टसोबत परत पाठवतो. हे ठाऊक असले की पुस्तकातील लॉगिन आणि सेशनचे (वापरणारा कोण ते लक्षात ठेवण्याचे) प्रकरण, जे बहुतेकांना जादूसारखे वाटते, ते सरळ उलगडते.

आता तुमचेच वाचनालय घेऊ. पुस्तकाचे नाव भरायचा फॉर्म तुम्ही केला, त्याची मेथड पोस्ट ठेवली आणि बटण दाबताच 405 क्रमांकाची त्रुटी आली, असे समजा. फ्लास्कमध्ये एखादा पत्ता फंक्शनला जोडताना मेथड सांगितली नाही, तर तो पत्ता पोस्ट स्वीकारत नाही. फंक्शनच्या डोक्यावरच्या '@' चिन्हाच्या ओळीत पोस्टचा उल्लेख केला की काम होते. (त्या ओळीचे व्याकरण आज पूर्ण समजले नाही तरी बिघडत नाही. 'हा पत्ता आला की हे फंक्शन चालव' अशी नोंद ती करते, इतके पुरे.) पुढे नोंद झाली, 'पुस्तक नोंदवले' असे पान आले आणि वापरणाऱ्याने ते पान रिफ्रेश केले, तर ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू का असे विचारतो आणि हो म्हटल्यास तेच पुस्तक दोनदा नोंदले जाते. म्हणून नोंद झाल्यावर पान दाखवायचे नसते, ब्राउझरला यादीच्या पत्त्याकडे रीडायरेक्ट करायचे (वळवायचे) असते. नेटवर्क टॅबमध्ये तेव्हा दोन ओळी दिसतात, पोस्टला 302 (दुसऱ्या पत्त्यावर जा) आणि तिच्या पाठोपाठ गेटला 200 (सगळे ठीक). या दोन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस हा धडा विसरत नाही.

डेटाबेसच्या प्रकरणावर घाई करू नका. पायथनसोबतच येणारे एसक्यूलाइट हे छोटे डेटाबेस तुम्हाला पुरेसे आहे. क्वेरीचा (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचा) मजकूर आणि वापरणाऱ्याने भरलेला मजकूर अधिकच्या चिन्हाने जोडून लिहिणारी पुस्तके अजूनही सापडतात. तसे मुळीच करू नका. लेखकाच्या नावात कोणी "उर्फ 'आबा'" असे एकेरी अवतरणात लिहिले, तर तुमची क्वेरी तिथेच तुटेल, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून सगळे टेबल पुसून टाकू शकेल. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी द्यावी, म्हणजे भरलेला मजकूर आज्ञा म्हणून वाचलाच जात नाही. नोंद केल्यावर कमिट करायचे (ती कायम करण्याची आज्ञा द्यायचे) राहिले, तर ॲप्लिकेशन बंद होताच ती नाहीशी होते, हेही मुद्दाम करून पाहा.

एक गोष्ट इंग्रजी पुस्तके सहसा सांगत नाहीत, पण मराठी यादी करणाऱ्याला ती लागते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'नमस्कार' या शब्दाची लांबी पायथन 7 सांगतो, कारण हलन्त आणि काना ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत; बाइट मात्र 21 होतात. फॉर्मचा मजकूर नेटवर्क टॅबमध्ये मूळ रूपात पाहिलात, तर टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली जी लांबलचक ओळ दिसते ती याच बाइटांची असते. तिला त्रुटी समजू नका.

सरावाची रीत मी अशी सुचवेन: प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटा, कोरी फाइल उघडा आणि तेच तंत्र तुमच्या वाचनालयासाठी लिहा. कोड लिहिण्याआधी कागदावर तीन गोष्टी मांडा: कोणता पत्ता, कोणती मेथड, कोणते टेबल. पहिली ओळ सुचत नाही ती बहुधा हे ठरलेले नसते म्हणून. प्रत्येक प्रकरणागणिक नवे ॲप्लिकेशन सुरू करण्यापेक्षा हे एकच वाढवत नेल्याने अधिक शिकाल. त्रुटी आली की त्या लांब मजकुराची शेवटची ओळ आधी वाचा.

पुस्तकाचे प्रकाशनवर्षही आजच पाहून घ्या. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला, त्यामुळे त्यावर बेतलेले पुस्तक बाजूला ठेवणेच बरे. पुस्तक त्यामानाने नवे असेल आणि फ्लास्कची आवृत्ती थोडी मागची असेल, तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरता पायथनचा वेगळा कप्पा) करून त्यात पुस्तकात दिलेलीच आवृत्ती बसवा. शिकताना आवृत्त्यांच्या फरकाशी झगडण्यात वेळ घालवू नये. मात्र वाचनालयाचे ॲप्लिकेशन पुढे खरोखर इंटरनेटवर ठेवाल, तेव्हा चालू आवृत्ती घ्या आणि डिबग मोड (चुका शोधण्यासाठीची फ्लास्कची सोय) बंद करा. त्या मोडमध्ये त्रुटीच्या पानावरूनच सर्व्हरवर पायथन चालवण्याची सोय असते, आणि तिला पिनचे कुलूप असले तरी ती परक्यांसमोर उघडी ठेवणे धोक्याचे आहे.