उत्तेजक गोळ्या आणि पीटीएसडी : आधी झोप विचारा, मग गोळी

या विषयावरच्या पत्रांत दोनच ऐकीव गोष्टी फिरत असतात. एक, एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही, चळवळेपणा असतो तो आजार) गोळ्यांनी पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर टिकून राहणारा आघात) होतो. दुसरी, याच जातीच्या गोळीने पीटीएसडी बरा होतो. दोन्हींमागे खरं संशोधन आहे, पण त्याचा निष्कर्ष तेवढा पोचतो आणि अटी वाटेत गळतात.

प्रश्न : मुलगा (वय 11) एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट (मेंदूला चालना देणारी उत्तेजक गोळी) घेतो. अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासात या औषधांमुळे पीटीएसडीचं प्रमाण पाचपट निघालं, असं वाचलं. औषध बंद करू का? (नाशिक)

परस्पर बंद करू नका. तो अभ्यास 2015 चा. सुमारे 26 हजार अमेरिकी सैन्यकर्मींमध्ये ज्यांना उत्तेजक औषधं लिहून दिली होती, त्यांच्यात पीटीएसडी नव्याने होण्याचं प्रमाण सुमारे पाचपट आढळलं. नुसतं एडीएचडीचं निदान असलेल्यांत तसा संबंध दिसला नाही. शंका रास्त आहे, कारण भीतीच्या क्षणी मेंदूत वाढणारं नॉरॲड्रेनॅलिन ती आठवण पक्की करतं आणि ही औषधं तेच रसायन वाढवतात. मात्र हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांची झोप आणि लक्ष आधीच बिघडलं होतं त्यांनाच गोळ्या जास्त मिळाल्या असतील, ही शक्यता त्यात उरतेच. शिवाय युद्धावर जाणारा जवान आणि पाचवीतला मुलगा यांची जोखीम एका मापाने मोजता येत नाही. मुलाच्या बाबतीत अपघात, मारहाण, लैंगिक छळ असं काही घडलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. सांगायचं राहून जातं ते नेमकं हेच.

प्रश्न : पीटीएसडी असताना चहा-कॉफी चालते का?

दुपारनंतर नको.

प्रश्न : रात्रपाळीसाठी मित्राकडची मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) घेतो. अपघातानंतर वाईट स्वप्नंही पडतात. चालेल ना?

नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी नकोच; स्वप्नांसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी ट्रकने धडक दिली, सोबतचा मित्र दगावला. तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. ऑनलाइन चाचणीत एडीएचडी निघाला आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओ सल्ल्यात मिथाइलफेनिडेट लिहून मिळालं. सुरू करू? (कोल्हापूर)

करू नका. मिथाइलफेनिडेट परिशिष्ट एक्समध्ये (कडक नियंत्रणाखालच्या औषधांची सरकारी यादी) येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार या परिशिष्टातली औषधं व्हिडिओवर लिहायला मनाई आहे. तरी लिहून मिळालं, म्हणजे समोर सल्ला नव्हता, दुकान होतं.

आता निदानाकडे या. लक्ष न लागणं, चिडचिड, अस्वस्थता आणि उडालेली झोप एडीएचडी आणि पीटीएसडी, दोन्ही आजारांत असते; वीस टिकमार्कांच्या चाचणीला त्यातला फरक कळत नाही. एडीएचडीची बरीचशी लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं काढा, आईला विचारा. तुमचं सगळं धडकेनंतर सुरू झालं. हॉर्न वाजला की दचकता का, तो रस्ता टाळता का, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहतो का, हे कुणी विचारलं? जो मेंदू चोवीस तास धोका हुडकतोय, त्याचं लक्ष फाइलीवर कसं लागेल?

अशा माणसाला उत्तेजक दिलं तर पहिले दोन-चार दिवस तरतरी येते आणि तो खूश होतो. मग भूक मरते, नाडी धावते, रात्री डोळा लागत नाही. झोपमोडीने दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी जातं, की डोस वाढवला जातो. ही साखळी तोडायची तर सुरुवात झोपेपासून करावी लागते. दोन आठवडे वही ठेवा : किती वाजता आडवे झालात, किती वेळा जाग आली, कशामुळे. सोबत रक्तदाब, नाडी, थायरॉइडची तपासणी. डोक्याला मार लागला होता का, हेही सांगा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल तर कुठल्याही उत्तेजकाआधी ईसीजी. ही वही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे समक्ष जा. आठ महिने गेलेत, आणखी लांबवू नका. पीटीएसडीवर आघातकेंद्री मानसोपचार (त्या प्रसंगाच्या आठवणींवरच थेरपिस्टसोबत काम करणारा) हा पहिला उपाय. औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात.

दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि तेव्हा उत्तेजक कधी कधी द्यावंही लागतं. 2016 च्या एका चाचणीत पीटीएसडी किंवा मेंदूला मार बसलेल्यांना 12 आठवडे मिथाइलफेनिडेट देऊन फायदा दिसला. पण तीन गटांत मिळून माणसं फक्त 32! त्यावर कोल्हापुरातली चिठ्ठी लिहिता येत नाही.

प्रश्न : एमडीएमएने (पार्ट्यांत नशेसाठी घेतात ती ‘एक्स्टसी’) पीटीएसडी बरा होतो म्हणतात. परदेशात शिबिरं असतात. भावाला पाठवावं का?

पाठवू नका. एमडीएमए रासायनिकदृष्ट्या ॲम्फेटामिनच्याच कुळातलं. चाचण्यांत ते तीन दीर्घ सत्रांत, प्रशिक्षित थेरपिस्टांसमोर, आधी-नंतरच्या मानसोपचारासह दिलं गेलं. निकाल आशादायक होते. पण खरी गोळी कुणाला मिळाली हे बहुतेकांना कळतच होतं, म्हणून तुलना कच्ची राहिली. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजुरी नाकारली. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून फक्त अधिकृत मानसोपचारतज्ज्ञ देऊ शकतात. भारतात ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली बंदी असलेलं आहे. शिबिरवाले हृदय तपासतात का, चालू औषधं विचारतात का? भाऊ सर्ट्रालिनसारखं काही घेत असेल तर ते अचानक सोडायला लावणंही धोक्याचं.

प्रश्न : दुर्घटनेला दहाच दिवस झालेत. हा पीटीएसडी का?

निदानाला लक्षणं महिनाभर टिकावी लागतात. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र आजच दाखवा; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक 14416, चोवीस तास.

प्रश्न : तोवर झोपेसाठी मेडिकलवरून अल्प्राझोलाम आणतो, ठीक?

नाही. या जातीच्या (बेन्झोडायझेपीन म्हणतात त्या) गोळ्या पीटीएसडीत देऊ नयेत, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कित्येक आठवडे रोज घेत असाल तर एकदम थांबवूही नका, फिट येऊ शकते; डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या.