दुबईतल्या फिलिपिनो मैत्रिणींबद्दल विचारलंस म्हणून

तुझी काळजी मला कळली. रत्नागिरीहून पहिल्यांदाच घर सोडतेयस. दुबईतल्या हॉटेलात फ्रंट ऑफिसची नोकरी आहे, कंपनीच्या खोलीत तिघी फिलिपिनो मुली असणार आहेत आणि आई म्हणते, ‘त्या म्हणे रात्री-रात्री बाहेर फिरतात, तू त्यांच्यात कशी राहणार?’ मी २०१२ ते २०१९ दुबईत अशाच खोलीत राहिले, आता मस्कतला असते. तेव्हाची माझी माणसं कोण, असं कुणी विचारलं तर आधी या मुलींचीच नावं येतील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण पाच वर्षांनी दुबईत भेटलो. आमच्यातली सगळ्यात मोठी आता इंग्लंडमध्ये वृद्धांची शुश्रूषा करते. एक जण दोह्याच्या हॉटेलात, एक जण क्रूझवर किचनमध्ये, दोघी अजून दुबईतच. मोठीला आम्ही ‘आते’ म्हणतो. त्यांच्या तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण आणि कुया म्हणजे थोरला भाऊ. तूही वयाने मोठ्या सहकाऱ्यांना हेच म्हण, नुसत्या नावाने हाक मारू नकोस. आपल्याकडे ताई-दादा म्हणतो त्यातलाच हा प्रकार आहे.

विमानतळावर रात्री अकराला मी बाहेर आले तर आतेचा पहिला प्रश्न, ‘कुमाइन का ना बा?’ म्हणजे, ‘जेवलीस का?’ माझी आजी दारात पाऊल टाकताच हेच विचारायची. परदेशात आल्यावर पहिले तीन महिने मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. माझे डोळे तिथेच भरून आले.

त्या रात्री आम्ही सतव्यात गेलो. सतवा हा जुन्या दुबईतला भाग, फिलिपिनो वस्तीमुळे लोक त्याला मिनी मनिला म्हणतात. छोटी खानावळ, सहा जणांना चार जणांचं टेबल. तापलेल्या लोखंडी तव्यावर सिसिग आलं, चिकनचे बारीक तुकडे, कांदा, मिरची, वरून फोडलेलं अंडं. आतेने कालामान्सी पिळली. सुपारीपेक्षा जरा मोठं हिरवं लिंबू असतं ते. ‘चर्र’ आवाज झाला, आंबट वाफ थेट नाकात गेली आणि सगळे एकदम गप्प झाले. पाच वर्षांत कोण कुठे, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे वडील गेले, हे सगळं त्या तव्याभोवती निघालं.

खाण्याचं आधीच शिकून घे. बाका म्हणजे गोमांस, बाबोय म्हणजे डुकराचं मांस, मानोक म्हणजे कोंबडी, इस्दा म्हणजे मासा. ‘वालांग बाका’ म्हटलं की ‘गोमांस नको’. पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांग, कुणालाही राग येत नाही. तू कोकणातली आहेस, म्हणजे निम्मं काम झालंय. त्यांना तिन्ही त्रिकाळ भात लागतो. सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट कालवण. कैरीबरोबर त्या बागूंग खातात, ती आंबवलेल्या कोळंबीची चटणी. त्यांचा तुयो म्हणजे खारवून सुकवलेले छोटे मासे. तो तळला की मजल्यावरची सगळी दारं बंद होतात, आपले बोंबील भाजल्यावर होतात तशी. आमच्या खोलीत तुयो आणि बोंबील एकाच दिवशी करायचे असा ठरावच होता, म्हणजे तक्रार एकदाच यायची.

शब्दही ओळखीचे निघतात. मुखा म्हणजे चेहरा, गुरो म्हणजे शिक्षक, साबोन म्हणजे साबण. आचारा म्हणजे लोणचं, त्यांचं कच्च्या पपईचं असतं. पहिल्या आठवड्यात असे दहा शब्द जमव आणि वापर.

आता रात्री बाहेर जाण्याचं. आईला सांग की यात बहुतेक वेळा जेवण आणि कराओके एवढंच असतं. कराओकेचं मशीन १९७१ मध्ये जपानच्या दाइसुके इनोउए यांनी बनवलं आणि पेटंट घेतलं फिलिपिनो रॉबर्टो देल रोसारियो यांनी. आमच्या आतेला या पेटंटचा फार अभिमान. दुबईच्या देइरा भागात अल रिग्गाच्या बाजूला अशा जागा आहेत. गाणं संपलं की पडद्यावर गुण येतात, तरी बेसूर गाणाऱ्यालाही तितक्याच टाळ्या पडतात. मशीनमध्ये मराठी गाणं नव्हतं. मी नुसत्या टाळ्यांच्या ठेक्यावर एका लावणीची दोन कडवी म्हटली. शब्द एकालाही कळला नाही, पण दुसऱ्या कडव्याला आमच्यातल्या कुयाने टेबलावर ढोलकी धरली. पहाटे आम्ही अब्र्यातून खाडी ओलांडली. माणशी एक दिरहम. अब्रा म्हणजे लाकडी होडी. सगळे थकलेले, कुणी बोलत नव्हतं, आते माझ्या खांद्यावर झोपली होती.

दारू असते, सांगून ठेवते. त्यांच्यात तागाय म्हणून पद्धत आहे, एकच ग्लास फिरतो आणि एक जण सगळ्यांना ओततो. तुला नको असेल तर ग्लास फिरायच्या आधीच ‘मी घेत नाही’ म्हण आणि ओतायचं काम तू घे. मी सात वर्षं तेच केलं. कायदा मात्र पक्का लक्षात ठेव. पिऊन गाडी चालवणाऱ्याला तिथे अजिबात माफी नाही, थोडीशी घेतलेलीही चालत नाही, तेव्हा अशा कुणाच्या गाडीत बसू नकोस. शेजारच्या शारजात दारूला बंदी आहे. अनोळखी लोकांचे फोटो काढू नकोस. मेट्रो साधारण रात्री बारापर्यंत असते, शुक्रवारी एकपर्यंत. त्यानंतर टॅक्सी. गुलाबी टपाच्या टॅक्सीत चालक बाई असते. मेट्रोत खाल्लंस तर शंभर दिरहम दंड. कंपनीच्या खोलीचं दार रात्री किती वाजता बंद होतं, हे पहिल्याच दिवशी विचार.

पैशांचं जास्त लक्ष देऊन वाच. बाहेर खाल्लं की केकेबी, म्हणजे ज्याचं त्याने द्यायचं. वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खाऊ घालतो. पगाराआधीच्या शेवटच्या दिवसांना त्या ‘पेत्सा दे पेलिग्रो’ म्हणतात, धोक्याच्या तारखा. तेव्हा बाहेर जायचा आग्रह करू नकोस. त्यांच्या पगारावर गावाकडची पाच-सहा माणसं जगत असतात. खोलीच्या कोपऱ्यात एक मोठं खोकं दिसेल, त्यात महिनोन् महिने साबण, चॉकलेटं, डबे साठत जातात आणि मग ते जहाजाने घरी जातं. त्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात. त्यावर कधीही काही ठेवू नकोस. १९८८ मध्ये फिलिपिन्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना ‘नवे वीर’ म्हटलं होतं. ते खोकं बांधताना बघितलंस की मला ते का पटतं, हे तुला कळेल.

पालुवागान म्हणजे आपली भिशी. खोलीखोलीत चालते. मी एकदा ओळखीच्या ओळखीतून एका भिशीत शिरले. एका बाईने आपला नंबर उचलला आणि पुढच्या महिन्यात ती देश सोडून गेली. माझे दोन महिन्यांचे पैसे बुडाले. तक्रार करायची सोय नसते, कारण कागद काही नसतो. नंतर आतेनेच आमच्या सहा जणांची वेगळी भिशी काढली, ती शेवटपर्यंत नीट चालली. तू पहिलं वर्ष नाहीच म्हण.

आमच्या वेळी गुरुवारची रात्र म्हणजे सुट्टीची रात्र. २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, पण हॉटेलात सुट्टी रोस्टरप्रमाणे मिळते. डिसेंबरात १६ ते २४ तारखेपर्यंत त्यांची सिंबांग गाबी असते, नऊ दिवसांची प्रार्थना. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या सेंट मेरी चर्चला संध्याकाळी खूप गर्दी होते, वसईची, गोव्याचीही माणसं भेटतात. बोलावलं तर जा. नंतर केळीच्या पानावर बिबिंका मिळते, तांदळाची, नारळाच्या दुधाची. नाव गोव्याच्या बेबिंकासारखं, चव आपल्या सांदणांच्या जवळची. त्या आठवड्यात शिफ्ट बदलून हवी असेल तर नोव्हेंबरातच सांगून ठेव आणि बदल्यात गणपतीची सुट्टी मागून घे. माझ्या मैत्रिणींनी सातही वर्षं मला ती दिली.

जाताना सामानात कोकम, गोडा मसाला आणि किलोभर बोंबील टाक. बोंबील दोन पिशव्यांत गुंडाळ. खोलीत पोचलीस की पहिल्या रात्री त्या तिघींना जेवायला बसा म्हण, भात त्या लावतील. जायची तारीख ठरली की कळव. आते फेब्रुवारीत पुन्हा दुबईला येतेय, तिला तुझा नंबर देते.