शार्लमेनचं साम्राज्य वाटणीमुळे बुडालं का?

प्रश्न असा आहे: इ.स. ८०० च्या नाताळाला रोममध्ये पोप तिसऱ्या लिओच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घेणाऱ्या शार्लमेनचं राज्य नातवांच्या काळातच तीन तुकड्यांत कसं फुटलं? आणि वायकिंग आले नसते तर ते टिकलं असतं का?

वायकिंगांचं आधी उरकतो. ८४५ मध्ये पॅरिस वाचवायला शार्लमेनच्या नातवाने, टकल्या चार्ल्सने, त्यांना ७००० पौंड चांदी मोजली, हे खरं. पण वर्दूनची वाटणी, म्हणजे नातवांनी राज्याचे तीन तुकडे करून घेतलेला ८४३ चा तह, त्याच्या दोन वर्षं आधीच होऊन गेली होती. घर आतून फुटल्यावर चोरांना रान मोकळं मिळालं. त्यांनी नासधूस भरपूर केली, पण साम्राज्य मोडलं ते त्यांनी नव्हे.

माझं मत थोडं वेगळं आहे. साम्राज्य का फुटलं, हा प्रश्नच मला उलटा वाटतो. ते इतकी वर्षं एकत्र कसं राहिलं, हे विचारायला हवं. फ्रँकांमध्ये, म्हणजे शार्लमेनच्या लोकांत, बापाचं राज्य सगळ्या मुलांत वाटायची रीत जुन्या क्लोविस राजापासूनची. तो ५११ मध्ये वारला तेव्हाही चार मुलांत चार वाटे पडले होते. ७५१ मध्ये शार्लमेनच्या बापाने, पेपिनने, क्लोविसच्या मेरोविंजियन घराण्यातल्या शेवटच्या राजाला मठात धाडून गादी घेतली. घराणं बदललं, रीत तीच राहिली.

आता पुढचे मृत्यू बघा. पेपिनचा भाऊ कार्लोमान ७४७ मध्ये आपणहून संन्यासी झाला. पेपिन ७६८ मध्ये गेल्यावर राज्य शार्लमेन आणि त्याचा धाकटा भाऊ, तोही कार्लोमानच, यांच्यात वाटलं गेलं. दोघांचं अजिबात पटत नव्हतं, पण ७७१ मध्ये धाकटा वारला. खुद्द शार्लमेनने ८०६ मध्ये तीन मुलांत रीतसर वाटणी लिहून ठेवली होती. त्यातला पेपिन (आजोबाच्याच नावाचा) ८१० मध्ये गेला, चार्ल्स ८११ मध्ये, आणि उरला एकटा लुई. आपण ज्याला अखंड साम्राज्य म्हणतो, ते दर पिढीला वाटेकरी कमी होत गेल्यामुळे अखंड राहिलं.

लुईने ८१७ मध्ये रीत बदलायचा प्रयत्न केला: थोरला लोथार सम्राट, धाकटे त्याच्या हाताखालचे राजे. विचार चांगला होता. पण ८२३ मध्ये दुसऱ्या राणीला, ज्युडिथला, चार्ल्स (तोच पुढचा टकल्या) झाला, आणि त्याच्यासाठी वाटा काढायचा म्हणजे थोरल्यांच्या ताटातलं उचलायचं. ८३३ मध्ये मुलांनी बापालाच गादीवरून खाली खेचलं. कोलमारजवळच्या मैदानात लढाई न होताच लुईचं सैन्य रातोरात मुलांकडे गेलं. त्या जागेला ‘खोटेपणाचं मैदान’ असं नाव पडलं.

लुईच्या सैन्यातले सरदार असे का फुटले, यात दुसरं कारण दडलंय. शार्लमेनच्या काळात जवळपास दर उन्हाळ्यात मोहीम निघे: लोम्बार्ड, सॅक्सन, आवार. ७९६ मध्ये आवारांच्या तळावरून आलेला खजिना गाड्या भरभरून होता. लूट वाटली जायची, नव्या मुलखात जहागिरी मिळायच्या, त्यामुळे राजाशी निष्ठा फायद्याची होती. सॅक्सनांशी चाललेलं युद्ध ८०४ मध्ये संपलं आणि जिंकण्याजोगं फारसं काही उरलं नाही. मग सरदाराला नवी जमीन मिळायची ती दुसऱ्या सरदाराकडून हिसकावूनच, आणि त्यासाठी आपला राजपुत्र गादीवर हवा. भाऊबंदकी सगळ्याच घराण्यांत असते. इथे तिला असे पाठीराखे मिळाले.

८४० मध्ये लुई गेला तेव्हा तीन मुलगे जिवंत होते: लोथार, बापाच्याच नावाचा लुई (‘लुई द जर्मन’) आणि चार्ल्स. ८४१ मध्ये फोंतनॉयला भावाभावांत लढाई झाली, लोथार हरला. ८४२ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गला लुई द जर्मन आणि चार्ल्स यांनी एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. लुई चार्ल्सच्या सैन्याला कळावं म्हणून रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) बोलीत बोलला आणि चार्ल्स लुईच्या सैन्याला कळावं म्हणून जर्मन बोलीत. फ्रेंचचा सर्वांत जुना लिखित नमुना म्हणतात तो हाच. सैनिकांनीही शपथ घेतली, आपापल्या भाषेत: आपल्या राजाने वचन मोडलं आणि आपण त्याला अडवू शकलो नाही, तर निदान दुसऱ्या भावाविरुद्ध त्याला मदत करणार नाही. राजावर सैन्याचा किती विश्वास उरला होता, ते यात दिसतं.

शेवटी तिघा भावांत वाटणी ठरवायची झाली, आणि त्यासाठी तिन्ही बाजूंची मिळून १२० माणसं नेमली होती. कोब्लेंझला ती ऱ्हाइनच्या दोन काठांवर वेगवेगळी उतरली, भांडणं नकोत म्हणून, आणि बोलणी सेंट कास्टरच्या चर्चमध्ये चालली. तिथे लक्षात आलं की संपूर्ण साम्राज्याची माहिती असलेला माणूस त्यांच्यात एकही नाही! मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. एवढं मोठं राज्य, आणि ते पूर्ण ठाऊक असलेला कोणी नाही.

पुढे ८८४ मध्ये बाकीचे वारस मरत गेल्यामुळे लुई द जर्मनच्या मुलाच्या, जाड्या चार्ल्सच्या, हाती जवळपास सगळं पुन्हा एकत्र आलं, म्हणजे परत तोच मृत्यूंचा योग. पण ८८७ मध्ये त्याला पदच्युत केलं, ८८८ मध्ये तो वारला, आणि त्याला औरस मुलगा नव्हता. मग प्रत्येक प्रदेशाने आपल्यातलाच कोणी राजा निवडला.

वाचायचंच असेल तर नीथार्डपासून सुरुवात करा; या भाऊबंदकीचा इतिहास त्याने त्याच काळात लिहिला. तो शार्लमेनच्या मुलीचा मुलगा, फोंतनॉयला चार्ल्सच्या बाजूने स्वतः लढलेला. शार्लमेनच्या काळी सगळे एकाच वाटेने चालत, आता ज्याची त्याची वाट वेगळी, असं तो अखेरीस कळवळून लिहितो. ८४३ च्या मार्चमधलं चंद्रग्रहण आणि त्याच रात्री पडलेला खूप बर्फ नोंदवून त्याचं लिखाण थांबतं. वर्दूनचा तह ऑगस्टात झाला. त्याच्या पानांत तो नाही.