स्तन काढल्यावर पुनर्रचना लगेच करावी की थांबावं?

ताई, आईच्या वेळी आम्हीही इथेच अडकलो होतो. आधी डॉक्टरांना विचारा, रेडिएशन घ्यायचं आहे का? असेल तर स्तनाच्या जागी बसवलेल्या सिलिकॉन इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. पोटाची कातडी आणि चरबी वापरून केलेला स्तन मऊ राहतो, पण ते ऑपरेशन कित्येक तासांचं, आणि पोटावरही लांब व्रण. घाई नाही, काही वर्षांनीही करता येतं.

सध्या ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी, सांभाळा. बाटलीत दिवसाला किती जमतं ते वहीत टिपा; साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. आई ती बाटली कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, भाजीला निघाल्यासारखी! भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज करा, नाहीतर खांदा आखडतो.

आईने शेवटी पुनर्रचना केलीच नाही. नवा स्तन दिसतो, पण स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही, हे ऐकल्यावर तिने ठरवून टाकलं. आधी ब्रामध्ये कापसाचा पॅड, जखम भरल्यावर सिलिकॉनचा. घरी असली की तोही काढून ठेवते.