साडेचारचा फोन

"मावशी, सप्टेंबरपासून मी एडिनबराला मास्टर्स करतेय, एक वर्षाचा कोर्स आहे. शहर स्वप्नासारखं आहे, किल्ला, दगडी इमारती, रॉयल माईल या जुन्या रस्त्यावरून खाली उतरणारे ते अरुंद बोळ, म्हणजे क्लोज, सगळंच. पण माणसं फार थंड. आम्ही वर्गात चौदा जण आहोत, त्यातल्या नऊ-दहा जणांचा ग्रुप झालाय. परवा कळलं की ते डिझर्टेशनची प्रपोजल्स एकमेकांना वाचायला देणार आहेत, मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मागच्या रविवारी सगळे आर्थर्स सीटच्या टेकडीवर गेले, मी फक्त फोटो बघितले. फ्लॅटमेट हाय-बाय पुरती. बुधवारी सेमिनार सुटला की आईच्या फोनसाठी साडेचारच्या आत मला रूमवर पळावं लागतं, त्यामुळे लायब्ररीतही बसता येत नाही, पण ते असो. माझं इंग्लिश कमी पडतं का? कोर्स सोडून परत यावंसं वाटतंय."

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'ते असो' पाशी अडकले. इंग्लिश कमी पडत असतं तर तुला तिथे प्रवेशच मिळाला नसता, त्यामुळे तो विषय बंद.

साडेचार म्हणजे इकडे रात्रीचे दहा. आईचं सगळं आवरलंय, दिवा मालवलाय, अंथरुणावर पडलीय, आता लेकीशी निवांत बोलू. हा फोन किती वेळ चालतो ते तू लिहिलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते, तासाच्या खाली नाही. आणि रोज, हो ना? बुधवारचं फक्त सेमिनारमुळे लिहिलंस.

आता त्याच वेळी तिकडे काय चालू असतं ते बघ. सेमिनार सुटतो, लोकं कोट चढवतात, दाराशी घोळका होतो, कोणीतरी म्हणतं चला कॉफी प्यायला, आणि युनिव्हर्सिटीपाशी जॉर्ज स्क्वेअरच्या आसपास कुठेतरी जाऊन बसतात. डिसेंबरात तर तिकडे पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो, अंधारात आणि त्या थंडीत माणसं दुसरं करणार काय, बसून बोलणारच. प्राध्यापकाच्या नकला होतात, कोणाचा ब्रेकअप निघतो, मग मधेच कोणीतरी म्हणतं की माझं प्रपोजल फारच भंगार झालंय, जरा वाचतेस का. झालं, ठरलं. याची मेल कोणी काढत नाही गं, हे टेबलावर ठरतं आणि तू त्या टेबलावर नसतेस.

ऑक्टोबरात तुला विचारलं असणार, माझी खात्री आहे. एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिन्ही वेळा तू बॅग खांद्याला लावून 'सॉरी, मला जायचंय' म्हणून निघालीस. चौथ्यांदा कोण विचारतं? मी तर दुसऱ्यांदाही विचारलं नसतं. त्यांना तू थंड म्हणतेस, आणि त्यांच्यात तुझी ओळख 'ती कायम घाईत असलेली मुलगी' अशी झाली असेल.

आता आईचं. तू तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिते. पोरीच्या आवाजाशिवाय झोप येत नसेल तर तो तिचा प्रश्न आहे, त्यासाठी पोरीची रोजची संध्याकाळ का म्हणून जाळायची? प्रेम आहे मान्य, पण प्रेमाला वेळकाळ नको का? आम्ही हॉस्टेलला होतो तेव्हा एसटीडी बूथच्या काचेमागे ते लाल आकडे पळायचे, त्या आकड्यांच्या धाकानेच आई चार मिनिटांत सगळं उरकायची, जेवलीस का, पैसे आहेत का, बरं ठेव. कॉल फुकट झाले आणि तो धाकच गेला.

तुझ्या त्या किल्ल्यावरून रोज दुपारी एक वाजता तोफ उडते, दचकली असशील कधीतरी. १८६१ पासून उडतेय. त्याच्या आधी कॅल्टन हिलवर नेल्सनच्या स्मारकावरून बरोबर एकला एक मोठा गोळा खाली सोडायचे आणि खाडीतली जहाजं तो बघून आपली घड्याळं लावायची, पण समुद्रावरून धुकं आलं, हार म्हणतात ना तिकडे त्याला, की गोळा दिसणार कसा? म्हणून तोफ आणली. मला त्या लोकांचं हे फार आवडतं, दिसत नाही म्हणून कुढत बसले नाहीत.

तर उद्यापासून आईचा फोन तोफेला. एक वाजला, धाडकन आवाज झाला, की तू फोन लावायचा, तिने नाही. इकडे तेव्हा साडेसहा झालेले असतात, दिवेलागणीची वेळ, आई ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्या, एका हातात लाटणं आणि फोन स्पीकरवर. दहाव्या मिनिटाला तीच म्हणेल ठेवते गं, भाजी लागतेय. आणि हे सांगताना लेक्चरची वेळ बदलली वगैरे थापा मारू नकोस. सरळ सांग की आई, संध्याकाळी मला माझ्या वर्गातल्या लोकांबरोबर बसायचंय. रडेल. रडू दे. चार दिवस तुटक बोलेल, कोणाकडून तरी निरोप पाठवेल, तू इकडच्या दहाला फोन उचलायचा नाहीस.

आणि या बुधवारी सेमिनार सुटल्यावर कोट हळू चढव. ती लोकं निघाली की मागोमाग निघ आणि तूच विचार, मी येऊ का. जीभ जड होईल, होऊ दे. पबमध्ये गेले तरी जा, तिथे प्यायलाच पाहिजे असं काही नसतं, लिंबूसोडा घेऊन बस. पहिल्या दिवशी कोणी तुझं प्रपोजल मागणार नाही. तू त्यांच्यातल्या एखादीचं माग, वाचायला.

कोर्स सोडायचं मला आत्ता विचारूच नकोस. चार बुधवार त्या टेबलावर बसून झाले की मग लिही.

रविवारी तोफ उडत नाही, त्या दिवशी आईशी हवं तेवढं बोल, आर्थर्स सीटवरून खाली उतरल्यावर. २५१ मीटरची तर टेकडी आहे, काही तिकीट लागत नाही, एकटी गेलीस तरी चालेल. आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग तोफेला इकडे साडेपाच होतील. आईला ते आत्ताच सांगून ठेव, नाहीतर तेवढ्यावरूनही रुसायची.