आत्यांकडे राहायचं की आंबोलीला?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मुलुंडला राहतो, लग्नाला दीड वर्ष झालं. मेमध्ये कशीबशी आठ दिवसांची रजा जुळलीय. ह्यांच्या आत्या सावंतवाडीजवळच्या गावात एकट्या असतात, त्यांचं म्हणणं सगळे दिवस इकडेच राहा. मला आंबोलीचं धुकं, धबधबा, हिरवंगार सगळं बघायचंय, तिकडे दोन रात्री हॉटेल घ्यावं असं मनात आहे. पण आत्यांना वाईट वाटेल, असं हे म्हणतात. काय करू?

उत्तर : अगं, आधी एक ऐक, मेमध्ये आंबोलीच्या धबधब्याला पाणीच नसतं, नुसता कातळ दिसतो. तू रील्समध्ये बघतेस ते सगळं पावसातलं. झाडी आहे, आणि साधारण 690 मीटरवर असल्यामुळे खाली सावंतवाडीत घामाच्या धारा लागलेल्या असताना वर जरा बरं वाटतं, पण त्यासाठी हॉटेल कशाला, तीसेक किलोमीटर तर आहे, सकाळी लवकर गाडी करा, संध्याकाळी परत. आणि आत्यांना सोबत घ्या. 'येताय का' असं विचारू नकोस, 'चला' म्हण, विचारलं की त्या नाहीच म्हणणार.

आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीला नक्की जा. गुहेतून नदी निघते, तिथेच देऊळ आहे, आत्या हात जोडतील तेवढ्यात तू कुंडातले मासे बघ. त्यातली एक जात जगाला नवीनच होती, 2020 मध्ये तिला हिरण्यकेशीचंच नाव मिळालं, आणि 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. म्हणून पाय बुचकळू नका, बिस्किटं टाकू नका. गंमत म्हणजे समुद्र एवढा जवळ असून ही नदी उलटी पूर्वेला जाते, शेवटी तिचं पाणी कृष्णेला मिळतं.

बाकीचे दिवस आत्यांच्या मागच्या परसात काढ गं, खरंच. मेमध्ये कोकणातल्या बाईला उसंत नसते, पावसाआधी बेगमी करायची असते. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवून उन्हात टाकायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं करत करत त्याची सोलं, म्हणजे आमसुलं होतात. एक दुपार त्यांच्याबरोबर बस, बोटं लालभडक होतील, आणि ह्यांच्या लहानपणीच्या अशा गोष्टी कळतील ज्या ह्यांनी तुला जन्मात सांगितल्या नसत्या. हापूस संपत आला असेल तर गावठी रायवळ आंबे असतील, त्यांचं सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातलं कालवण, करायला सांग.

नेताना मिठाईचा बॉक्स नको. फोन करून विचार, चष्म्याची दांडी नाहीतर मिक्सरचं भांडं असलं काहीतरी नक्की अडलेलं असतं.

आता तिकीट. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, सीझनला मिनिटांत वेटिंग लागतं. तुतारी एक्सप्रेस घेणार असाल तर तारीख नीट बघा, दादरहून ती रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं हवं. आम्ही एकदा शुक्रवारचं काढून बॅगा, पाण्याच्या बाटल्या, थेपले सगळं घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे होतो आणि आमची गाडी आदल्या रात्रीच गेलेली! सावंतवाडीचं स्टेशन मळगावला आहे, गावात जायला रिक्षा करावी लागते, एवढं सामान आणू नका.

परतताना आत्या फणस देतील. नाही म्हणू नकोस, फक्त पिकलेला नको म्हणून सांग, आमचा एकदा चिपळूणपासूनच घमघमायला लागला होता आणि अख्खा डबा आमच्याकडे बघत होता.